पहिल्या वेतनाचा न्याय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सदर बाजार, रायपूर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे वक्त्याने भाषा, संस्कृती, परंपरा अशा भारदस्त विषयांना हात घालावा, अशी साहजिकच अपेक्षा असते. मी मात्र आज उंबरठ्याच्या आतला एक लहानसा प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभा आहे. लहान मूल सांभाळण्यासाठी दिवसातून तीन-चार तास येणाऱ्या, आणि आयुष्यात प्रथमच कामाला लागणाऱ्या तरुण मुलीला वेतन किती द्यावे, हा तो प्रश्न. गेल्या दोन-तीन वर्षांत मंडळातल्या किमान पाच-सहा घरांतून हा प्रश्न माझ्या कानांवर आला. मी सरकारी नोकर. वेतनश्रेण्या आणि भत्ते यांच्या फायलींत उमेदीची वर्षे गेली. म्हणून असेल, पण लोक मला विचारतात. त्याचे उत्तर एकदा नीट मांडून पाहावे, एवढाच आजचा हेतू.

हा प्रश्न आपल्यालाच अधिक का पडतो, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्यापैकी काहींचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगढात आले, काही जुन्या मध्यप्रांताच्या कचेऱ्यांत, काही रेल्वेत, काही शाळांत. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. तेव्हा आजोळ काही फार परके वाटत नसे. आज घरे लहान झाली. आजी नागपूरला, आत्या पुण्याला, मावशी आणखी कुठे. सून नोकरी करते, मुलगा नोकरी करतो, आणि दुपारच्या वेळी दीड वर्षाच्या बाळाजवळ कोणी तरी हवे असते. पूर्वी ज्या जागी घरची माणसे असत, त्या जागी आता टिकरापाऱ्यातून किंवा पुरानी बस्तीतून येणारी एखादी मुलगी बसते. छत्तीसगढीत आईलाच दाई म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहे. मराठीत त्याच शब्दाने आपण मूल सांभाळणारी स्त्री ओळखतो. एकच शब्द, पण एका भाषेत त्याला मोल नाही आणि दुसऱ्या भाषेत मोल ठरवावे लागते. आपला सगळा घोळ याच ठिकाणी आहे.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. नातवाला सांभाळण्यासाठी एकोणीस वर्षांची एक मुलगी यावयास तयार झाली. सकाळी महाविद्यालय, आणि दुपारी एक ते पाच आमच्याकडे. पूर्वी कोठेही काम केलेले नाही. घरी धाकटी भावंडे मात्र वाढवलेली. सूनबाईंनी विचारले, "किती घेशील?" मुलगी खाली पाहून म्हणाली, "जो आप ठीक समझें." घरात लगेच चार मते झाली. एक म्हणाले, भांडी-फरशी करणारी बाई जेवढे घेते तेवढेच हिला. दुसरे म्हणाले, अनुभव नाही, तेव्हा निम्मे पुरे. तिसरे म्हणाले, दुपारचे जेवण आणि चहा आपलाच, तो पगारात धरावा. आणि चौथे म्हणाले, गल्लीत चालू दर काय आहे तो पाहा आणि मोकळे व्हा.

या चारही मतांत थोडे थोडे तथ्य आहे. पण चौघांनीही ज्या गोष्टीकडे पाहिले नाही, ती त्या मुलीच्या उत्तरात आहे. "आपण ठीक समजाल ते" असे जो म्हणतो, तो घासाघीस करीत नाही. कारण त्याला घासाघीस करता येत नाही. आपल्या वेळेची किंमत त्याला कोणी सांगितलेली नाही. भाजीवालीशी आपण हुज्जत घालतो ती ठीक. ती आपला भाव जाणते आणि परवडत नसेल तर टोपली उचलून पुढे जाते. ही मुलगी पुढे जाऊ शकत नाही. अशा व्यवहारात दोन्ही बाजूंचा विचार एकाच बाजूला करावा लागतो. आपले वकीलपत्र तर आपल्याकडे असतेच. तिचेही आपणच घ्यावयास हवे. मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच. पुढचा सारा हिशेब त्यातून निघतो.

ही काही नवी नीती नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सेवकाच्या वेतनाचा विचार आहे. वेतन आधी ठरले असेल तर ठरल्याप्रमाणे द्यावे, आणि ठरले नसेल तर कामाच्या व काळाच्या मानाने द्यावे, असा त्याचा दंडक. म्हणजे नोकर बोलला नाही म्हणून त्याला कमी द्यावे, ही मुभा त्याने ठेवलेली नाही. आपल्याकडचे बलुते आणि इकडची पौनी-पसारी या पद्धतींत जातिव्यवस्थेचा जाच होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही कोणाला किती धान्य मिळावयाचे, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. आज मात्र शेजारच्या दोन घरांतही मुलीला काय देतात, हे एकमेकांना सांगितले जात नाही.

आता हिशेबाकडे वळू. आपण सरकारी नोकर स्वतःचे वेतन कसे मागतो? १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित वेतनाचे सूत्र घातले. डॉ. अॅक्रॉइड यांच्या आहारमानानुसार कुटुंबाचे अन्न, वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडे, इंधन वगैरे खर्च त्यात धरले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यात शिक्षण, औषधपाणी यांसारख्या गरजांसाठी आणखी एक चतुर्थांश भाग धरावयास सांगितले. सातव्या वेतन आयोगाने याच परंपरेतल्या सूत्रावरून किमान वेतन १८,००० रुपये काढले आणि ते १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. जानेवारी २०२५ मध्ये आठव्या आयोगाची घोषणा झाली तेव्हा आम्ही कचेरीत किती उत्साहाने आकडेमोड केली, ते आठवते. स्वतःसाठी माणसाच्या गरजा मोजावयाच्या आणि घरात येणाऱ्या मुलीसाठी गल्लीचा दर पाहावयाचा, हे दोन काटे एका घरात शोभत नाहीत.

सदर बाजारात काट्याची गोष्ट काढली म्हणून सांगतो. येथल्या सराफाच्या पेढीवर आपण दागिना घेतो तेव्हा सोन्याची किंमत वेगळी लागते आणि घडणावळ वेगळी. घडणावळ का द्यावयाची, असे कोणी विचारीत नाही. कारण हाताचे कसब आपल्याला डोळ्यांनी दिसते. मूल सांभाळण्यातले कसब दिसत नाही. बाळ पडले नाही, भाजले नाही, घशात काही अडकले नाही, रडून दमले नाही, म्हणजे काम उत्तम झाले. आणि काम उत्तम झाले म्हणजे दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणात आयुष्ये वेचली, ती लहान मुलांचे संगोपन हे शिकण्याचे आणि शिकवण्याचे काम आहे, अशी खात्री होती म्हणूनच. म्हणून पहिला नियम असा की, हे काम अकुशल धरू नये. फरशी दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसता येते.

दुसरा नियम तासांचा. सरकार किमान वेतनाचे दर वेळोवेळी जाहीर करते. ते अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्यांचे असतात. त्यांतली निदान अर्धकुशलाची पायरी घ्यावी. केवळ उदाहरणासाठी समजा, पूर्णवेळ कामाचे मासिक वेतन १२,४८० रुपये आहे. महिन्याचे कामाचे दिवस २६, रोजचे तास ८, म्हणजे २०८ तास. तासाला ६० रुपये पडले. चार तासांप्रमाणे महिन्याचे १०४ तास होतात, त्यांचे ६,२४० रुपये. पुष्कळ लोक येथेच थांबतात. परंतु अर्धवेळ काम करणाऱ्याचा अर्धाच वेळ खर्च होत नाही. येण्याजाण्याचा वेळ पूर्णच लागतो, आणि दुपार आपल्याकडे गेल्यावर दुसरीकडे काम मिळणे कठीण होते. म्हणून तासाच्या दरात मी चौथा हिस्सा वाढवतो. ६० चे ७५ झाले, आणि महिन्याचे ७,८००. आपण आपल्या वेळचा चालू सरकारी दर घालून हीच रीत करून पाहावी.

तिसरा नियम अनुभवाचा. नवशिकीला थोडे कमी देण्यात अन्याय नाही. पण शिकण्याला मुदत हवी. पहिले दोन महिने चौथ्या हिश्श्याची ती वाढ राखून ठेवली आणि तिसऱ्या महिन्यापासून पूर्ण वेतन सुरू केले, तर ते रास्त. तारीख मात्र पहिल्याच दिवशी सांगावी. सरकारी नोकरीत परिवीक्षाकाल असतोच. परंतु तो संपतो कधी, हे आदेशात लिहिलेले असते. घरकामात नवखेपण वर्षानुवर्षे संपत नाही, अशी तऱ्हा होऊ नये.

चौथा नियम जेवणाचा. आपल्या घरी असलेल्या माणसाला आपण जेवू घालतो, हा घरचा रिवाज आहे. त्याची वजावट करू नये. तसेच जुने कपडे, सणाची साडी हे प्रेमाचे देणे, ते वेतनात मोजू नये.

पाचवा नियम सुट्ट्यांचा, आणि येथेच आपल्या मंडळींचे पाऊल अधिक घसरते. दिवाळीत आपण आठ-दहा दिवस नागपूर-अमरावतीकडे जातो, उन्हाळ्यात पंधरा दिवस. त्या दिवसांचा पगार कापणारी घरे आहेत. मुलगी तर यावयास तयार होती. कुलूप आपण लावले. तेव्हा तो पगार तिचाच. आठवड्याची एक सुट्टी, आजारपणाचे काही दिवस, आणि शिकणारी मुलगी असेल तर परीक्षेची रजा, हे सारे भरपगारी असावे. दिवाळीला एक महिन्याचे वेतन, आणि दर वर्षी महागाईच्या मानाने वाढ.

सहावा नियम असा की, मूल सांभाळणे हे काम ठरले असेल तर बाळ झोपल्यावर भांडी तिच्यापुढे सरकवू नयेत. अधिक काम हवे असेल तर ते वेगळे ठरवावे, वेगळे द्यावे. आणि हे सारे एका साध्या कागदावर लिहून एक प्रत तिच्याजवळ असावी.

कायदा काय म्हणतो, हेही थोडक्यात सांगतो. १४ वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे; माझे मत विचाराल तर १८ च्या आतल्या मुलीवर दुसऱ्याचे मूल सोपवूच नये. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली करार क्रमांक १८९ संमत केला. भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामगारांचे किमान वेतन जाहीर केले, पुढे आणखी काही राज्यांनी केले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी कायद्याची चौकट विचारात घेण्यास केंद्राला सांगितले. तात्पर्य, कायदा अजून आपल्या दाराशी घुटमळतो आहे.

तो आत येईपर्यंत काय होते, ते पुण्याने दाखविले. १९८० साली तेथल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या कोणत्या? पगारवाढ, भरपगारी सुट्टी, दिवाळीचा बोनस. आताच मी जे नियम म्हणून सांगितले, त्यांतले बरेचसे त्या अल्पशिक्षित स्त्रियांनी चाळीस वर्षांपूर्वीच रस्त्यावर उतरून मागितले होते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला तो २००८ साली. परंतु संघटना मोलकरणींची झाली. दुपारी चार तास येणाऱ्या एकट्या मुलीची संघटना कोण करणार? तिला पहिल्या घरात जे मिळते, तीच तिच्या मनातली स्वतःची किंमत होऊन बसते. दुसऱ्या घरी ती तेवढेच मागते, आणि उद्या शिकून एखाद्या दुकानात वा दवाखान्यात गेली तरी "आप ठीक समझें" हेच तिच्या तोंडी येते. म्हणून पहिले वेतन ठरवणाऱ्यावर जबाबदारी मोठी.

कोणी म्हणेल, एवढे देणे सर्वांना परवडत नाही. खरे आहे. पण मग तास कमी करावेत, दोन घरांनी मिळून एक मुलगी ठेवावी, सासू-सासऱ्यांनी दुपारचा एखादा तास उचलावा. परवडत नाही म्हणून वेळ कमी घेणे हा व्यवहार आहे. वेळ पूर्ण घेऊन दाम कमी करणे हा व्यवहार नव्हे.

पं. माधवराव सप्रे हे याच भूमीत वाढलेले मराठी गृहस्थ. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि १९०१ साली त्यात 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा लिहिली. गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला तिच्या जागेतल्या मातीची एक टोपलीही उचलवत नाही, आणि त्या ओझ्याने त्याचे डोळे उघडतात, एवढीच ती गोष्ट. दुसऱ्याचे जे आपण ठेवून घेतो त्याला वजन असते, हे या मराठी माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या शेजाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगितले.

मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. आपण वधूवर सूचक यादी करतो, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो. त्याच वहीत एक पान असे असावे की ज्यावर मूल सांभाळणाऱ्या मुलींसाठी तासाचा किमान दर, सुट्ट्या आणि बोनस लिहिलेले असतील, दर वर्षी ते पान सुधारले जाईल, आणि नव्याने रायपुरात येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ते दाखविले जाईल. पन्नास वर्षे या शहराने आपल्या मंडळाला सांभाळले. त्या सांभाळण्याचे मोल मोजता येण्यासारखे नाही. परंतु या शहराच्या मुली आपल्या मुलांना सांभाळतात, त्याचे मोल मात्र मोजता येते आणि वेळच्या वेळी देता येते.