सहकाऱ्याची खाजगी बाब



कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांतील पुष्कळ शाळांचा भार दोनच शिक्षकांवर असतो. कपाट एक, येण्याजाण्याची वाटही एक. अशा निकट सहवासात आपुलकी केव्हा सरते व चौकसपणा केव्हा सुरू होतो, हे ध्यानी येत नाही. हजेरीपत्रक व पाठटाचण ही शाळेची. परंतु सहकाऱ्याची पिशवी, पत्र, भ्रमणध्वनी, आजार व घरची अडचण ही त्याची स्वतःची होत. रजेचे कारण वाडीत पसरले, की शिक्षकाचा मान उणावतो व पुढील अडचण तो कोणासच सांगेनासा होतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तथापि शाळेत प्रथम उपाय संवादाचाच असावा. उपद्रव होणाऱ्याने मुलांदेखत नव्हे, एकांतात, नेमक्या शब्दांत सांगावे : 'माझी पत्रे उघडू नका.' तेवढ्याने न भागल्यास तारीखवार नोंद ठेवून मुख्याध्यापकांस लेखी कळवावे. दुसरा शिक्षक म्हणजेच मुख्याध्यापक असेल तर केंद्रप्रमुखांस. उलट चहाडी मात्र करू नये.

दुसऱ्याचे दप्तर उघडू नये, हे मुलांस शिकविणाऱ्याने तो धडा आधी स्वतः गिरवावा.