मोटारीचें सरकतें दार

आजच्या भाषणाचा विषय फारसा थोर नाहीं. कुटुंबाच्या मोटारीचें सरकतें दार अडूं लागलें तर काय पाहावें, एवढाच तो आहे. परंतु ज्या दारांतून आपलीं मुलें रोज सकाळीं शाळेस जातात, त्या दाराविषयीं पांचदहा मिनिटें बोलणें अगदींच वायां जाणार नाहीं, असें मला वाटतें.

हें दार आपल्याकडे घरोघर माहीत झालें तें मारुतीच्या गाडीमुळें. १९८४ सालीं ती 'व्हॅन' या साध्या नांवानें बाजारांत आली. १९८८ पासून तिला 'ओम्नी' म्हणूं लागले. २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तत्पूर्वींच, २०१० सालीं, ईको नांवाची तिची धाकटी बहीण आलेली होती. उत्पादन थांबलें तरी जुन्या ओम्नी आपल्या छत्रपती संभाजीनगरांत अजून धांवतात, आणि त्यांतल्या कित्येकींचीं दारें पोराबाळांच्या बळानें उघडत नाहींत.

या दारास बिजागरी नसते. मालगाडीच्या डब्याच्या दाराप्रमाणें तें रुळांवरून मागें सरकतें. रूळ तीन: एक छताच्या कडेस, एक खालीं पायरीपाशीं आणि एक मधला, बाहेरच्या पत्र्यावर मागच्या खिडकीखालीं. प्रत्येकांत दाराचा एकेक हात शिरलेला असतो व त्याच्या टोंकाशीं लहान रोलर असतात. वरचा रूळ मुख्यतः वाट दाखवितो. पुढच्या भागाचा भार खालच्यावर व मागच्या भागाचा मधल्यावर पडतो. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे निम्मी तपासणी घरबसल्या होते.

दार जड झालें कीं बहुतेक लोक तेलाची बाटली काढतात. आपल्या भागांत हा उपाय रोगाहून वाईट ठरतो. फाल्गुनापासून मृगापर्यंत येथें जी धूळ उडते ती ओल्या तेलावर बसते आणि दोहोंचें मिळून घासणारें चिकट पीठ तयार होतें. खालच्या रुळांत तर बुटांची काळी माती, शेंगांचीं टरफलें, बोरांच्या बिया, पेन्सिलींचे तुकडे असें सर्व कांहीं सांपडतें. पावसाळ्यांत भिजलेली आपली काळी माती वाळली म्हणजे विटेसारखी घट्ट होते, हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून आधीं रूळ साफ करावा: लाकडी काडीनें माती उकरावी, जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें झाडावी, रॉकेलच्या ओलसर फडक्यानें जुनें ग्रीस पुसून घ्यावें. रॉकेल रबरी पट्टीला लागूं देऊं नये. तें रबर फुगवितें. सर्व कोरडें झाल्यावर ग्रीसचा अगदीं पातळ हात फिरवावा. बोटाला जेमतेम लागेल एवढा पुरतो.

साफ करूनहि दार अडखळलें तर रोलर पाहावा. दार अर्धें उघडून त्याची मागची कड दोन्ही हातांनीं वर उचलून पाहावी. खालीं-वर हललें तर मधला रोलर झिजला असें समजावें. फिरावयाचा थांबलेला रोलर फरफटत जातो व एका अंगानें चपटा होतो. मग दर फेऱ्यास 'टक् टक्' ऐकूं येतें. अशा वेळीं धक्का मारून दार ओढूं नये, कारण मग रूळच वांकतो, आणि रुळाचें काम रोलरपेक्षां पुष्कळ खर्चाचें आहे.

आतां जो दोष मी सर्वांत गंभीर मानतों त्याकडे वळतों. मराठींत दार 'लोटणें' आणि दार 'लावणें' या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि शाळेंत मुलांना तो भेद शिकवावा लागत नाहीं. मोटारीच्या कुलपालाहि दोन पायऱ्या असतात. पहिला खटका पडला तर दार लोटलें. दुसरा पडला तर लावलें. नुसतें लोटलेलें दार चालत्या गाडींत, एखाद्या वळणावर, आंतून टेकलेल्या मुलासह उघडूं शकतें. परीक्षा सोपी आहे: दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्याशीं सपाट आहे कीं बोटभर पुढें आलेला आहे, हें पाहावें. दुसरा खटका पडत नसेल तर आधीं एक कांच खालीं करून दार लावून बघावें, कारण बंद गाडींतली कोंडलेली हवाच कधीं कधीं त्यास अडविते. तरीहि न लागल्यास चौकटीवरील कडीचा खुंट तपासावा. एका बाजूस ताजी घासल्याची चमक दिसली तर दार व खुंट यांची रेघ चुकली आहे. मिस्त्रीनें खुंटाभोंवतीं पेन्सिलीनें खूण करून, स्क्रू ढिले करून, तो केसभर सरकवावा व पुन्हा आवळावा.

उघडलेलें दार मागें अडकवून धरणारा एक खटका असतो. तो झिजला असतां सपाट रस्त्यावर कळत नाहीं. परंतु दौलताबादच्या घाटांत उतारास तोंड करून गाडी उभी केली, तर दार आपोआप पुढें धांवतें, आणि त्याच वेळीं चौकटीस धरून उतरणाऱ्या आजीचीं बोटें तेथें असतात. गाडी लहानशा उतारावर उभी करून याची परीक्षा कोणासहि करतां येईल.

दार आंतून उघडत नाहीं अशी तक्रार आली तर प्रथम मुलांसाठींचें कुलूप पाहावें. दाराच्या कडेस एक लहान कळ असते. ती लावलेली असली कीं आंतली मूठ काम करीत नाहीं, बाहेरची करते. बाहेरूनहि उघडेना तर आंतली सळई किंवा तिची क्लिप सुटलेली असावयाची. हें काम आच्छादन काढून करावें लागतें, म्हणून तें जाणत्याकडेच द्यावें. किया कार्निव्हलसारख्या मोठ्या गाड्यांचीं विजेचीं दारें अडलीं तर बॅटरी व रुळांतील कचरा आधीं पाहावा. त्यांना हातानें जबरदस्ती करूं नये. वाटेंत अडथळा आल्यास असें दार मागें फिरतें कीं नाहीं, हें पाहण्यास गुंडाळलेलें वर्तमानपत्र धरावें, बोट नव्हे.

शेवटीं सुतळीविषयीं. कुलूप लागत नाहीं म्हणून दार दोरीनें बांधून मुलें नेणारे चालक आहेत. अनेक ओम्नी एलपीजीवर चालतात. कांहीं पेटलें तर ती गांठ कोण सोडणार? पालकांनीं अशी गाडी दुसऱ्या दिवसापासून नाकारावी, मग चालक कितीहि गरजू व भला असो. त्यालाहि सांगावें कीं रोलर व कुलूप सुटे मिळतात. सबंध दार बदलावें लागत नाहीं.