अर्धशक्तीचा व्यायाम, पुरती झोप



व्यायामाचे महत्त्व या सभेला पटवून देण्याची आवश्यकता नाही. समर्थ रामदासांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना करून बलोपासनेचा जो संस्कार महाराष्ट्रावर केला, तो घेऊनच येथील बहुतेक जण लहानाचे मोठे झाले आहेत. प्रश्न आहे तो विश्रांतीचा. विश्रांती म्हटली की आपल्याकडे आळसाचा वास येतो. रात्री एकपर्यंत बैठक आणि पहाटे पाचला दंडबैठका, असा दिनक्रम असणारा कार्यकर्ता कौतुकाचा विषय ठरतो. हे कौतुक आता आवरते घ्यावयास हवे. निदान आपल्या शास्त्रांचा त्याला आधार नाही.

चरकाचार्यांनी शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या पाठोपाठ निद्रेला स्थान दिले. वाग्भटाचार्य ‘अष्टांगहृदया’त त्याहून स्पष्ट बोलतात. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, अन्य ऋतूंत त्याहून कमी, असे त्यांचे सांगणे आहे. (ऐन वैशाखात वर्ग व शिबिरे योजणाऱ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.) व्यायाम, जागरण व प्रवास यांचा अतिरेक करणाऱ्याला त्यांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह पराक्रमी खराच, पण त्या ओढाताणीत नाश त्याचाच होतो. अर्धी शक्ती ओळखायची कशी? कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला, की थांबावे.

आधुनिक शरीरशास्त्राचा निष्कर्ष याच दिशेचा आहे. जोरकस व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून निघताना स्नायू बळकट होतो. हे भरून निघणे व्यायामाच्या वेळी होत नसते, ते नंतरच्या एक-दोन दिवसांत होते, आणि त्याला पुरेशा झोपेची मदत होते. म्हणजे विश्रांती हा व्यायामाचाच उत्तरार्ध. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालले तरी पहिली मर्यादा गाठता येते.

मल्लविद्येच्या क्षेत्रात तर अर्ध्या तासाचे मोलही मोठे असते. 1952 साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी झुंजले आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. नियमाप्रमाणे मिळायची अर्ध्या तासाची उसंत मागायला त्यांच्या बाजूचा अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कांस्य ठरले.

खाशाबांवर ती वेळ इतरांनी आणली. आपण मात्र ती स्वतःवर ओढवून घेतो. आठवडाभर कचेरीत खुर्चीला खिळलेला, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ रथसप्तमीला एकदम 108 सूर्यनमस्कारांचा संकल्प सोडतो आणि पुढचे चार दिवस कंबर धरून बसतो. बारांपासून आरंभ करून दोन महिन्यांत वाढवत नेले असते, तर हेच 108 त्याला आनंदाचे झाले असते. जोर-बैठका एक दिवसाआड, मधल्या दिवशी चालणे, आणि एक दिवस केवळ हलकी आसने व प्राणायाम, असा आठवडा बहुतेकांना पेलतो. सकाळी अंथरुणातच नाडीचे ठोके मोजावेत. ते नेहमीपेक्षा स्पष्ट वाढलेले असतील तर त्या दिवशी जोर काढू नयेत. छातीत कळ आली किंवा चक्कर आली तर मात्र नाडी मोजत न बसता वैद्यकीय साहाय्य घ्यावे.

घरातील गृहिणीचा विचार या हिशेबात सहसा होत नाही. तिच्या कामात श्रम पुष्कळ, पण अर्धा तास सलग चालणे नाही; आणि रविवार हा सर्वांच्या सुटीचा दिवस तिच्या सर्वाधिक कामाचा. घरातील पुरुषांनी रविवारचा एक वेळचा स्वयंपाक अंगावर घेतला, तर तिच्या विसाव्याची सोय होईल.

आणि बैठका. रात्रीची बैठक साडेनऊला संपावी. उरलेले विषय पुढच्या आठवड्यात घेता येतात.