लक्ष्मणराव किर्लोस्कर: नांगरापासून उभी राहिलेली वाडी

१८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय गाठलं. पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळेना, म्हणून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले.

नंतर बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान थाटलं, कडबा कापायचं यंत्र घडवलं. मग आला लोखंडी नांगर.

तो विकणं महाकठीण! लोखंडाच्या फाळानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेले हात या नव्या अवजाराला शिवायला तयार नव्हते. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षं लागली.

पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजानं कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत मिळून किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तुरुंगातून सुटलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी विश्वासानं कामावर घेतलं.

याच वाडीतून त्यांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ (पुढचं ‘किर्लोस्कर’) आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ ही मासिकं काढली. नांगर घडवणाऱ्या गावानं मराठी घरांना वाचायलाही भरभरून दिलं.