मेंदूतील चट्ट्यांचा हिशेब : एमआरआय आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस



एखाद्या तरुण स्त्रीच्या एका डोळ्याची दृष्टी अचानक अंधुक होते व काही आठवड्यांनी पुष्कळशी सुधारते. घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे वर्षभराने पाय बधिर होतो. तोही हळूहळू पूर्ववत होतो. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध असेल, अशी शंकाही कोणास येत नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकाराची चाल अनेकदा अशीच असते.

विजेच्या तारेवर जसे वेष्टन, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. या विकारात शरीराची संरक्षणयंत्रणाच त्या आवरणावर हल्ला करते आणि मेंदूत व मज्जारज्जूत ठिकठिकाणी चट्टे पडतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो व बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील चार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. परंतु त्या काळी हे चट्टे रुग्णाच्या मृत्यूनंतरच पाहता येत.

लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांच्या संशोधनातून एमआरआयचे तंत्र साकारले. त्याबद्दल त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक लाभले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात दहा रुग्णांवर केलेला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. सीटी स्कॅनने त्यांच्यात १९ चट्टे दाखविले होते. नव्या तंत्राने आणखी ११२ उघडकीस आणले. जिवंत माणसाच्या मेंदूतील हा विकार प्रथमच इतका स्पष्ट दिसला.

तथापि एकच प्रतिमा म्हणजे केवळ एका दिवसाची शिल्लक. व्यवहार वाढला की घटला, हे मागील शिल्लक हाती असल्याविना कळत नाही. म्हणूनच ठरावीक अंतराने तपासणी करून जुन्या व नव्या प्रतिमा शेजारी ठेवून पाहतात. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून दिले असता सक्रिय दाह असलेले ताजे चट्टे उजळतात; ही उजळण बहुधा काही आठवडेच टिकते. जुने व्रण मात्र तसे उजळत नाहीत.

अशा वारंवार केलेल्या तपासण्यांतून एक गंभीर गोष्ट कळली. बाह्य लक्षणांचा एक झटका येतो, त्या अवधीत मेंदूत अनेक नवे चट्टे पडून गेलेले असू शकतात. रुग्णास बरे वाटत असते, पण आत झीज चालूच असते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरफेरॉन बीटा-१बीच्या ३७२ रुग्णांवरील चाचणीत औषधाचा परिणाम या प्रतिमांवरूनही मोजला गेला. २००१ च्या मॅकडोनाल्ड निकषांनी तर कालांतराने दिसलेल्या नव्या चट्ट्यास निदानाचा पुरावा मानले.

मर्यादाही जाणून घ्याव्यात. चट्ट्यांची संख्या आणि रुग्णाचे अपंगत्व यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. चट्ट्याची जागा महत्त्वाची असते. मेंदूचे आकुंचन हाही वेगळा विचार आहे. गॅडोलिनियमचे अंश शरीरात राहू शकतात, हे लक्षात आल्यापासून ते गरजेपुरतेच वापरण्याकडे कल आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार औषध सुरू झाल्यावर साधारणतः तीन ते सहा महिन्यांनी आधारभूत तपासणी करावी आणि पुढे बहुधा दरवर्षी. यंत्र व पद्धत शक्यतो तीच असावी. अन्यथा तुलना फसवी ठरते.

हा विकार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु झटके व नवे चट्टे कमी करणारी अनेक औषधे आहेत. ती वेळीच सुरू करणे वा बदलणे यासाठी जुनी प्रतिमा हाती असावी लागते. घरोघरी जुन्या फिल्म्स रद्दीत जातात, सीडी हरवतात. ज्या कुटुंबात असा रुग्ण असेल त्याने पहिल्या तपासणीची प्रत दागिन्याप्रमाणे जपावी आणि प्रत्येक भेटीस सोबत न्यावी. पुढील निर्णय कदाचित त्या एका जुन्या प्रतिमेवरच अवलंबून असेल.