हत्यार देताना हातांचा विचार

(हितचिंतकांच्या मेळाव्यात सुतारकाम शिकवणाऱ्या बंधूंनी केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहात सुतारकाम शिकलेली मुले आता आपापल्या पाड्यांवर परतली आहेत आणि घरच्या पडवीतच काम करू लागली आहेत. दारे, खिडक्यांच्या चौकटी, खाटा, शाळेची बाके अशी कामे त्यांना मिळतात. त्यांना विजेवरची गोल करवत द्यावी, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. "कोणती घ्यावी?" हा आपला प्रश्न. त्याचे उत्तर आज देतो.

पाड्यावर वायरवाली करवत बरी. बॅटरी काही वर्षांनी दमते आणि नवी महाग पडते. वायरवाल्या करवतीत झिजतात ते मुख्यतः कार्बन ब्रश, आणि ते थोडक्या पैशांत बदलता येतात. वीज गेली तर हातकरवत भिंतीला टांगलेली आहेच.

दुकानात सर्वांत स्वस्त दिसते ते चार इंची मार्बल कटर. ते फरशी कापण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. पुष्कळ सुतार त्याला लाकडाचे दातेरी ब्लेड लावून वापरतात; शहरांतही हे सर्रास चालते. पण लाकडाची सात इंची करवत मिनिटाला साधारण 5,000 फेरे घेते, तर मार्बल कटर 12,000 च्या घरात. शिवाय लाकडाच्या करवतीला खालच्या बाजूस स्प्रिंगचे गार्ड असते. फळीत शिरताना ते मागे सरकते आणि कापून बाहेर पडताच ब्लेड आपोआप झाकते. मार्बल कटरला ते नसते. बटण सोडले तरी ब्लेड काही क्षण फिरतच राहते. पडवीत शेजारी धाकटी भावंडे खेळत असतात, हे विसरू नका.

अनुवादाच्या 22व्या अध्यायात नव्या घराच्या धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, कोणी वरून पडून दोष घरावर येऊ नये म्हणून. गार्ड हा करवतीचा कठडा आहे. देणाऱ्यानेही तो आधी पाहावा, वॅट आणि किंमत नंतर.

मापाचे म्हणाल तर सात इंची, 1200 ते 1400 वॅटची करवत पुरते. ती सरळ कापात सुमारे 65 मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच जाडी कापते. त्याहून जाड लाकूड उलटवून दुसऱ्या बाजूने कापता येते. नऊ इंची करवत जास्त खोल जाते खरी, पण ती बरीच जड असते. हात थकला की चूक होते.

दुकानात करवत हातात घ्या, प्लग न लावता. गार्ड मागे ओढून सोडा. ते झटकन परत आले पाहिजे. तळाची पट्टी सपाट आणि भक्कम आहे का, खोलीचा खटका घट्ट बसतो का, तेही पाहा. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असली तर ते दुहेरी इन्सुलेशनचे आहे; पाड्यावरच्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो, म्हणून ही खूण मोलाची. ब्रश आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी मिळेल का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

नुसती करवत पाठवून देणगी पूर्ण होत नाही. सोबत दोन ब्लेड द्या: 24 दात्यांचे लांबीत चिरायला, 40 दात्यांचे आडवे आणि साफ कापायला. ब्लेडचे भोक यंत्राशी जुळते का आणि त्यावर लिहिलेला वेग यंत्राच्या वेगाहून कमी नाही ना, हे तपासा. डोळ्यांना चष्मा, फळी धरायला दोन शिकंजे आणि जाड तारेची एक्स्टेन्शन वायर हवीच. वायर पूर्ण उलगडून वापरावी. गुंडाळलेली वायर तापते.

आम्ही मुलांना शिकवतो ते असे. ब्लेड फळीच्या खाली एका दात्याएवढेच दिसू द्या. कापलेला भाग मोकळा खाली पडू द्या. फळी मध्येच वाकली तर ब्लेड चिमटते आणि करवत अंगावर उसळते. करवतीच्या थेट मागे उभे राहू नका. ब्लेड बदलताना आधी प्लग काढा. आणि गार्डला पाचर मारून ते कधीही उघडे ठेवू नका.

म्हणून माझी विनंती अशी: दोन घरांत दोन मार्बल कटर देण्यापेक्षा एका घरात एक पूर्ण संच द्या, आणि दुसऱ्या घरासाठी पुढच्या तिमाहीत पैसे जमवा. विकत घेताना ज्याला काम करायचे आहे त्या मुलाला दुकानात सोबत न्या. त्याच्या मुठीत काय बसते, हे त्यालाच कळते. तो काही हात पसरून आलेला नाही. त्याच्या हातात कसब आहे, आणि त्या दहा बोटांवर त्याचे घर चालते.

आपला प्रभूही सुताराच्या घरात वाढला आणि त्याने ते काम केले. या मुलांच्या हातांना तो राखो आणि त्यांच्या कामाला यश देवो. आमेन.