पॅक पुरवून वापरू या

घाटकोपर असो, मुलुंड असो की बोरिवली, अनेक घरांत डेटाचा पॅक एकाच फोनवर असतो आणि बाकीचे त्याच्यावरून हॉटस्पॉट घेतात. रात्री मुलीला अभ्यासाचा व्हिडिओ लावायचा असतो, तोवर दिवसाचा दीड जीबी संपलेला असतो. मग आपण सगळ्यांवर ओरडतो. न ओरडता पॅक कसा पुरवायचा, ते आज बघू.

मार्च २०२० आठवतोय ना? टाळेबंदीत सगळे घरी बसले आणि नेटवर्कवर ताण आला. तेव्हा नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, हॉटस्टार, गूगल अशा कंपन्यांनी मिळून ठरवलं, की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर ४८० पेक्षा मोठं चित्र पाठवायचं नाही. व्हिडिओ बंद झाले नाहीत, फक्त हलके झाले.

हे ४८० म्हणजे काय? रांगोळीसारखंच पडद्यावरचं चित्रही ठिपक्यांचं असतं. ४८० म्हणजे ठिपक्यांच्या ४८० ओळी, एकूण साधारण चार लाख ठिपके. १०८० मध्ये तेच वीस लाखांवर जातात, म्हणजे पाचपट! मोठ्या टीव्हीवर हा फरक कळतो. हातातल्या फोनवर मात्र फळ्यावरची अक्षरं बहुतेक वेळा ४८० मध्येही नीट वाचता येतात. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे साध्या चित्राला तासाला एक जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीला तीन जीबीपर्यंत.

तुम्ही म्हणाल, आमच्या फोनवर ‘ऑटो’ आहे, मग काळजी कसली? व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकड्याच्या हलक्या-जड प्रती कंपनीकडे तयार असतात. नेटचा वेग बघून ॲप त्यांतली एक उचलतं. म्हणून लोकलमध्ये चित्र मध्येच धूसर होतं. पण ॲप वेग बघतं. आपल्या पॅकमध्ये किती उरलंय, ते बघत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

तर चार गोष्टी करू या. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडू या. एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, म्हणजे ‘ऑटोप्ले’, बंद करू या. बाळाचं बडबडगीत किंवा गणिताचा धडा पुन्हा पुन्हा लागतो. तो वायफाय मिळेल तिथे ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवू या. आणि व्हिडिओ सारखा पुढे ढकलणं टाळू या, कारण पुढचा भाग आधीच उतरलेला असतो आणि तो न बघताच वाया जातो.

हे सगळं जमेल पाच मिनिटांत. आपल्या फोनवर झालं, की सासूबाईंच्या आणि शेजारच्या काकूंच्या फोनवरही करून देऊ या. पाणी जपून वापरायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. डेटाचंही तसंच आहे.